शॉकअपवरचा लाल ठिपका

४ मे २०२५. कारखाना, दुपारी तीन वाजता ४३ अंश.

नवी वही. आधी या दोन हातांनी काय काय केलं ते लिहून ठेवतो.

तीन टनी बाटली जॅक, १९९६ साली, वय तेवीस. तेल्हाऱ्याला मावसभावाच्या ट्रॉलीखाली अजून चढतो, उतरतो, गळत नाही. लेथच्या चकाची चावी, दोनदा. पहिली माझी मलाच आवडली नाही. छतावरचा कूलर, मोटर सोडून सगळा. बायकोच्या, रईसाच्या, शिलाई मशीनचं पायडल. अफिफाची तीनचाकी, जिचं हँडल माळ्यावर आहे. मोटारसायकलींचे शॉकअप किती उघडले त्याची गणती नाही, पण दुरुस्ती म्हणजे करणं नव्हे, ते इथे धरत नाही. शाळा तेल्हाऱ्याची, मराठी, नववीपर्यंत. पुढचं सगळं वस्तू उघडून शिकलो.

आता नवीन काम. अफिफा माझी पोरगी, वीस वर्षांची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. डोंगरावरून सायकल खाली सोडते. डाउनहिल म्हणतात. चिखलदऱ्याला एका कॉफीबागवाल्याने आपल्या खासगी उतारावर वाट करू दिली आहे, तिथे. सायकल जुनी, शिकवण्या घेऊन स्वतः घेतलेली. तिचा मागचा शॉकअप मार्चपासून तेल सोडतो.

काल दोघं अकोल्याला गजेंद्रच्या सायकल दुकानात गेलो. त्याने दोन शॉकअप काउंटरवर ठेवले. एक परदेशी, कोरा, किंमत अख्ख्या सायकलीहून जास्त. दुसरा कुणाच्या सायकलीवरून उतरवलेला. मी त्याच्या दांडीवर नख फिरवलं. एका जागी अडकलं.

"काय बाप्पा फारुखभाई, नख लावून कोणी शॉकअप घेते काय?"

"नखाले लागते ते रबराले लागते. महिनाभरात गळन."

"मंग तुमीच बनवा!" तो हसला. दुकानातले दोघं हसले. अफिफा हसली नाही, ती कोऱ्याकडे बघत होती.

गजेंद्रने थट्टा केली. मी थट्टेत घेतलं नाही. आहे काय त्याच्यात? तेल, भोक, पत्ती, स्प्रिंग.

१३ मे. कारखाना ४४.

अफिफाला हेल्मेट-गुडघेकवचासकट काट्यावर उभं केलं. ५९ किलो. शॉकअपची चाल ७६ मिलिमीटर. स्वार नुसता बसला की त्यातले २३ दबले पाहिजेत, कमी नाही, जास्त नाही. त्या हिशेबाने, सायकलीच्या चौकटीची तरफ धरून, स्प्रिंग एका मिलिमीटरला ४.४ किलो हवी. वहीत लिहितो आहे म्हणून खरं लिहितो: स्प्रिंग माझी नाही, अकोल्याच्या एमआयडीसीत वळवून घेतली. पण ड्रिल मशीनच्या दांड्याखाली काटा ठेवून दहा वेळा दाबून मी मोजली. ४.३ भरली. चालेल.

दांडी, नळी, दट्ट्या, बाजूची तेलाची डबी, सगळं माझ्या लेथवरचं. दट्ट्याच्या भोकांवर दीड दशांश मिलिमीटरच्या पोलादी पत्त्या. त्या तेलाला अडवतात, म्हणून स्प्रिंग उसळत नाही. परत येण्याचा वेग कमीजास्त करायला खाली एक बटन केलं, सोळा क्लिकचं; जितके क्लिक उघडाल तितकी दांडी लवकर परत येते. प्रत्येक क्लिक कानाला ऐकू येतो.

१८ मे. कारखाना ४३.५ (निघण्याआधी काल पाहिलेलं).

चिखलदरा. दुपार. पहिली फेरी चांगली. तिसऱ्या फेरीला अफिफा खाली आली ती हात झटकतच.

"अब्बा, गधा लात मारते तसं होऊन राहिलं. खाली खाली येता येता मांगून फेकते."

नळीला हात लावला, चटका बसला. तेल तापून पाण्यासारखं पातळ झालं होतं, पत्त्या काय अडवणार! मोटारसायकलच्या फोर्कचं तेल होतं. घरी आल्यावर ते काढलं. अर्धं तेच आणि अर्धं जॅकचं, घट्ट. जॅकचं तेल मला जितकं कळतं तितकं या जिल्ह्यात कोणाला कळत नाही.

मोबाइलवर स्लो-मोशन व्हिडिओ काढून त्यातली एकेक चित्रं मोजतो. साठ मिलिमीटर दाबून सोडलं की परत यायला ५८ चित्रं. आकडा पक्का. बटन बंदपासून सातव्या क्लिकवर. तिथे रईसाच्या नेलपॉलिशने लाल ठिपका दिला.

रईसा म्हणाली, "मी लावते तं म्हणता कशाले पाह्यजे. शॉकअपले बराबर पाह्यजे!"

२५ मे. कारखाना ४४.

कॉफीबागेतली शर्यत. मुलींत अफिफा पहिली. २ मिनिटं ५१ सेकंद, आधीची तिची वेळ ३ मिनिटं ४. पाच फेऱ्या, एकदाही लात नाही.

गजेंद्र आला होता. वाकून, चष्मा कपाळावर करून शॉकअप पाहिला. मग हळूच आपलं नख दांडीवर फिरवलं. मी पाहिलं ते त्याने पाहिलं.

"नाही अडकत," तो म्हणाला. "फारुखभाई, असे पंचवीस करून देसान काय?"

मी म्हणालो, विचार करतो. घाई केली की पोळी कच्ची राहते. पण घरी येताना परतवाड्यापर्यंत मी तेच गुणाकार करत होतो. अफिफा मागच्या सीटवर सायकलीच्या चाकावर डोकं ठेवून झोपली होती.

१४ ऑगस्ट. कारखाना ३०.

उतार बंद. बागेत चिखल. शॉकअप उघडला, पत्त्या पाहिल्या, एकही वाकलेली नाही. तेल तेच भरलं. लिहिण्यासारखं एवढंच.

१६ नोव्हेंबर. कारखाना ३० (काल दुपारी).

सीझन सुरू. उजाडताच बागेत. अफिफाच्या दोन नव्या सवयी दिसल्या, दोन्ही मला पटल्या नाहीत.

एक, पहिल्या फेरीआधी सायकलीवर उभी राहून वरखाली उसळत राहते. मोजलं. पन्नास. मी म्हणालो, "नमाजाआधी वजू करावं तसं हे काय चाललं?" ती म्हणाली, "अशीच आदत आहे अब्बा." खेळाडूंना अशी खुळं असतात. कोणी डावा बूट आधी घालतो.

दुसरी, तक्रार. "पहिल्या फेरीले मांगून बसून राहते. वर येतच नाही."

मी सांगितलं, "तू झोपेत आहेस. चौथ्या फेरीले येते ना वर?"

"येते."

"मंग वस्तू तीच, तेल तेच. बदललं कोण?"

तिने शाल घट्ट केली आणि परत वर गेली.

३० नोव्हेंबर. कारखाना २९.

रईसाची गरम पाण्याची पिशवी दोन दिवस सापडत नव्हती. मला ती अफिफाच्या सायकलीच्या सामानात दिसली, टॉवेलात गुंडाळलेली. मुलींच्या तब्येतीची गोष्ट, बापाने विचारू नये. होती तिथेच परत ठेवून दिली. रईसाला म्हणालो, सापडेल.

७ डिसेंबर. कारखाना २८.

आज डोकं गरम झालं. ठिपका जागेवर नव्हता. सातवर असायला पाहिजे, दहावर होता. तीन क्लिक! अफिफाला विचारलं. म्हणाली, गाडीत सायकल आडवी टाकतो, तिथे घासलं असेल.

शक्य आहे. बटन बाहेर आलेलं आहे, ही माझी चूक, मान्य. चूक दुरुस्तही केली. सातवर आणलं आणि दोन ट्यूबांचा गोंद कालवून चहूबाजूंनी भरला. चोवीस तासांत दगड होईल.

अफिफा दारात उभी राहून बघत होती. चहा घेऊन आली होती. चहा लेथवर ठेवून आत गेली. मागून गेलो तर खोलीचं दार लावलेलं. अभ्यास असेल, परीक्षा जवळ आहे.

१० जानेवारी २०२६. कारखाना दुपारी २८.

उद्या मोठी शर्यत. नागपूर, पुणे, नाशिकची पोरं येणार. गजेंद्र अकोल्याहून कागद घेऊन आला. मुंबईच्या गिऱ्हाइकांसाठी पंचवीस नग, नगाला एकोणीस हजार, अडीच महिन्यांत, नळीवर माझं नाव कोरलेलं. मी म्हणालो, उद्या शर्यत होऊ दे, मग सही. वस्तू आपली किंमत स्वतः सांगेल.

"तुमचा रुबाब पाहून राहिलो मी," तो म्हणाला. "बाहेरचे लोक दारात रांग लावतील, अन् तुमी सही उद्या म्हणता."

तो गेल्यावर उन्हात चित्रं परत मोजली. ५८.

अफिफा बाजूला उभी होती. "अब्बा, तो गोंद निघते काय?"

"निघासाठी लावला नाही."

"बरं," म्हणाली.

११ जानेवारी, रविवार. कारखान्यात नव्हतो, तापमान नाही.

परतवाड्याला दवाखान्याजवळच्या लॉजच्या खोलीतून लिहितो आहे. अफिफाच्या डाव्या खांद्याचं हाड मोडलं, मनगटही. प्लास्टर झालं. शुद्धीवर आहे. रईसा तिच्याजवळ आहे.

क्रमाने लिहितो. सकाळी सात. गवतावर दहिवर पांढरं, नळाचं पाणी हाताला चावत होतं. अफिफाने आपली पन्नास उसळणी केली. टॉवेलात पिशवी गुंडाळून सायकलीच्या पोटाशी बांधली होती, ती सोडली. (तेव्हाही मला वाटलं, सामान कुठे ठेवते ही पोरगी.) मग एक नाशिकचा पोरगा वरच पडला, स्ट्रेचर आणेपर्यंत शर्यत थांबली. चाळीस मिनिटं. सायकली दांडीला टेकवून रांगेत, स्वार शेकोटीजवळ. नियम. अफिफा दोनदा सायकलीकडे गेली, दोनदा तिथल्या माणसाने तिला परत पाठवलं.

शेवटी अफिफा सुटली. मी दगडी पायऱ्यांशी उभा होतो. सात पायऱ्या आहेत. माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पहिल्या पायरीला मागची बाजू खाली बसली, दुसरीला आणखी, तिसरीला आणखी, जशी कोणी मागे ओढतो आहे. पाचवीला सायकल आपटून उडाली आणि ती हँडलवरून गेली.

भ्याली. भ्यालेला माणूस मागे बसतो आणि ब्रेक दाबतो. दोन महिन्यांत तिने स्वतःला खुळ्या सवयी लावून घेतल्या, त्याचं हे फळ.

तिला गाडीत घालून रईसासोबत पाठवलं. सायकल घ्यायला मागे राहिलो. बारा वाजता उन्हात शॉकअप तपासला. गळती नाही. दांडी सरळ. ठिपका सातवर. दाबून सोडला, बरोबर आला.

माझ्या वस्तूत दोष नाही.

१३ जानेवारी. कारखाना २७.

घरी आलो. अफिफाला म्हणालो, ब्रेक दाबलास. ती छताकडे बघत म्हणाली, "तुमचं बराबर असंल, अब्बा."

रईसा स्वयंपाकघरातून आली. तिचा आवाज चढला की मी सहसा कारखान्यात जातो, पण आज तिने दार अडवलं होतं.

"पोरगी दवाखान्यात, अन् तुमी दोन घंटे नळी तपासून राहिले होते. नळीचं हाड मोडलं होतं काय?"

मी म्हणालो, कारण शोधावं लागतं. ती म्हणाली, "शोधा. सापडलं तं सांगा. आमी कुठं जात नाही."

रात्रीचं जेवण झाकून ठेवलेलं होतं. एकट्याने जेवलो.

१७ जानेवारी. कारखाना सकाळी साडेसात वाजता ११ अंश. पहिल्यांदाच सकाळचं लिहितो आहे.

शटर उघडलं तर अंजनगाव सुर्जीचे किसनराव जॅक घेऊन उभे. नोव्हेंबरात माझ्याकडूनच दुरुस्त करून नेलेला.

"फारुखभाई, हा तं उतरतच नाही. टायर बदललं अन् ट्रॉली वरच लटकून राहिली. काय करून देल्लं तुमी?"

मी हसलो. तोंडात तीस वर्षांचं वाक्य तयार असतं. दर थंडीत दहा गिऱ्हाइकांना तेच सांगतो. "काही झालं नाही किसनराव. थंडीत तेल घट्ट होते. पहिले वीस-तीस वेळा दांडा मारा, तेल गरम होऊ द्या, मंग सुरसुर उतरन."

ते म्हणाले, "हे पहिले नाही सांगावं?" आणि गेले. चहा पिऊन जा म्हणायचंही मला सुचलं नाही.

वीस-तीस वेळा.

पन्नास वेळा.

घरात गेलो. फ्रिजमधलं दुधाचं पातेलं सरकवून शॉकअप आत ठेवला. रईसाने पाहिलं. तीन तासांनी काढला. हात गारठला. ठिपका सातवर, साठ मिलिमीटर दाबून सोडला, व्हिडिओ काढला. चित्रं मोजली. चुकलो वाटून परत मोजली.

१७१.

पन्नास वेळा दाबून मोजली: ११२.

न दाबता तीनपट, दाबूनही दुप्पट. एका पायरीतून वर यायच्या आधी दुसरी. दुसरीतून वर यायच्या आधी तिसरी. शॉकअप बसत गेला, चाल संपली, पाचवीला लोखंडावर लोखंड. ती मागे बसली नव्हती. तिला माझं तेल मागे ओढत होतं.

वही मागे उलटून पाहिली. ४३. ४४. ४३.५. ४४. मी प्रत्येक पानावर तापमान लिहिलं आणि एकदाही वाचलं नाही. लेथमागच्या भिंतीवरचं थर्मामीटर, तेही दुपारचं. माझी पोरगी त्या भिंतीवर सायकल चालवत नव्हती.

रईसा दारात आली. "ती माझी पिशवी घेऊन जात होती थंडीत," म्हणाली. "मले वाटलं पोट दुखते. मी विचारलं तं म्हणे, अम्मी, अब्बाले सांगू नको."

१९ जानेवारी. कारखाना सकाळी १२, दुपारी २८. आता दोन्ही लिहिणार.

दोन दिवस हिंमत झाली नाही. आज फजरच्या नमाजानंतर अफिफाच्या खोलीत गेलो. ती जागी होती. मोबाइल समोर धरला. आधी ५८ चा व्हिडिओ, मग १७१ चा. दुसऱ्यात दांडी इतकी सावकाश वर येते की पाहणाऱ्याला वाटतं मोबाइल अडकला.

तिने दोन्ही पाहिले. "फ्रिजमध्ये ठेवला होता काय?"

"तुले मालूम होतं."

"नोव्हेंबरपासून."

"मंग बोलली काहून नाही?"

"बोलली ना. तुमी म्हणाले, झोपेत आहेस."

मी म्हणालो, "ते तीन क्लिक?"

"दहावर चालून जात होतं. पुरं नाही, पण जात होतं. घरी येताना परत सातवर करून ठेवत होती. एक दिवस विसरली."

"मले सांगायचं होतं. भांडायचं होतं."

तिने उजव्या हाताने प्लास्टर सावरलं. तिचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. "तुमी गोंद लावला, अब्बा. मी कोणासंग भांडू?"

बाहेर दूधवाल्याची घंटी वाजत होती. मी तिला म्हणालो, चूक माझी. हे वाक्य लेथवर कधी काढलेलं नाही, वेडंवाकडं निघालं. पुढे म्हणालो, गजेंद्रकडचा कोरा शॉकअप आणू. कारखान्यातली जुनी ड्रिल विकतो.

ती म्हणाली, "पहिले गोंद काढा. मंग पाहू काय आणायचं ते."

परत बसणार का सायकलीवर, हे मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

२१ जानेवारी. सकाळी ११, दुपारी २९.

गोंद निघाला. साडेचार तास. पातळ टोच्याने, कणाकणाने. गरम करून लवकर निघाला असता, पण आतलं रबर जळलं असतं. बटनावर ओरखडे पडले. ते घासून काढता आले असते, काढले नाहीत. लाल ठिपका रईसाच्याच रिमूव्हरने पुसला.

तेलाचं अजून सुचलं नाही. थंडीत पातळ, उन्हात घट्ट असं तेल माझ्याकडे नाही. दुसरं एक तेल आहे म्हणतात जे तापमानाने कमी बदलतं, मागवलं आहे. पत्त्याही परत मांडाव्या लागतील. जमेल की नाही माहीत नाही. हे वाक्य मी या वहीत पहिल्यांदा लिहितो आहे.

२२ जानेवारी. सकाळी १२, दुपारी २८.

गजेंद्र आला. अफिफासाठी संत्री आणली होती. तिच्याशी पाच मिनिटं बोलला, मग कारखान्यात आला आणि कागद लेथवर पसरला. मी त्याला दोन्ही व्हिडिओ दाखवले.

त्याने चष्मा कपाळावर केला. "म्हणजे थंडीचा प्रॉब्लेम. पण आपलं गिऱ्हाईक पाहा ना फारुखभाई. मुंबईत कुठली आली थंडी? वर्षातून दीड महिना. सोबत कागद देऊ छापून. थंडीत आधी पन्नास वेळा दाबून घ्या. हाय काय त्याच्यात?"

"कागद कोण वाचते?"

"वाचतील जी. शिकलेले पोट्टे हायत."

"गजेंद्र, माझ्या पोरीनं मले तोंडानं सांगतलं होतं. समोर उभं राहून. मी ऐकलं नाही."

त्याने बटनावरचे ओरखडे पाहिले. नख फिरवलं. "अडकते," म्हणाला.

"हो."

"तेल जमलं तं?"

"जमलं तं एक जानेवारी चालवून पाहीन. तिच्यासंग, सकाळी. मंग बोलू."

"पुढच्या जानेवारीपर्यंत ते लोक थांबत नाहीत, फारुखभाई. ते दुसऱ्याकडं जातील."

"जाऊ दे."

कागद घडी करून त्याने खिशात ठेवला. दारात चपला घातल्या आणि निघाला. वर खिडकीत अफिफा उभी होती. तिने ऐकलं की नाही, माहीत नाही.

पहिल्या पानावर केलेलं लिहिलं होतं. न केलेलंही लिहून ठेवतो. पंचवीस शॉकअप, अडीच महिन्यांत, नळीवर माझं नाव. नाही म्हणालो. चार लाख पंच्याहत्तर हजार रुपये.